एक साथ, अनेक प्रांत
(इसवी सन १९१८ च्या मानमोडीचा प्रांतवार वृत्तांत)

आपल्या ज्ञातीतील ज्या घराण्यांनी वंशावळ जपून ठेविली आहे, त्यांनी ती या वर्षी एकदा पुन्हा उघडून पाहावी, अशी आमची विनंती आहे. शके १८४० च्या आश्विन-कार्तिकात, म्हणजे इ. स. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कोणाच्या नावापुढे मृत्यूची नोंद आहे, हे पाहावे. नोंद आढळल्यास त्या व्यक्तीचे वय काय होते आणि ती त्या वेळी कोठे राहत होती, हेही शोधावे. पणजी ऐन पंचविशीत का गेली, आजोबांना मामांनी का वाढविले, अमुक एक शाखा दोन पिढ्यांवरच का खुंटली, अशा प्रश्नांची उत्तरे काही घराण्यांना त्या दोन महिन्यांत सापडण्याजोगी आहेत.

त्या काळी आपल्याकडील खेडोपाडी या रोगाला ‘मानमोडी’ म्हणत. सरकारदरबारी त्याचे नाव इन्फ्लुएंझा होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो साऱ्या जगभर पसरला. परंतु एकाच देशातील बळींची संख्या पाहिली, तर हिंदुस्थानाइतका आघात अन्य कोणत्याही देशाला सोसावा लागला नाही. आरंभी सरकारी अंदाज साठ लाखांच्या घरात होता. १९२१ च्या शिरगणतीनंतर तो सव्वा कोटीच्या आसपास गेला. पुढील अभ्यासकांनी एक कोटी चाळीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत निरनिराळे आकडे मांडले. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे एकतीस-बत्तीस कोटी होती. अर्थात् दर शंभर माणसांमागे चार ते सहा माणसे अल्पावधीत नाहीशी झाली.

परंतु ‘शंभरी चार ते सहा’ ही सरासरी होय, आणि सरासरी पुष्कळ गोष्टी झाकून ठेविते. साथ एकच होती, तरी तिचा घाव प्रांतोप्रांती सारखा बसला नाही. तो कोठे व का अधिक खोल गेला, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आपली ज्ञाती कोकणापासून नागपूर-इंदुरापर्यंत विखुरलेली असल्यामुळे हा विषय आपणांस परका नाही.

साथीचा प्रवेश

या साथीची हिंदुस्थानातील हकीकत मुंबई बंदरापासून सुरू होते. १९१८ च्या १० जून रोजी मुंबईच्या पोलीस दलातील सात शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. हा ताप हिवतापाचा नव्हता. युद्धाच्या त्या दिवसांत सैनिक व माल यांची ने-आण करणारी जहाजे बंदरात सतत येत-जात असत. रोग जहाजावरून शहरात आला असे महापालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचे म्हणणे होते, आणि सरकारी अधिकाऱ्यांना ते मान्य नव्हते. वादाचा निकाल काहीही असो, त्या महिन्यात गोदी, बँका, टपाल कचेरी, गिरण्या या सर्व ठिकाणी माणसे भराभर आजारी पडू लागली. पहिली लाट मात्र तुलनेने सौम्य होती. लोक चार दिवस अंथरुणास खिळून पुन्हा कामावर जात.

खरी आपत्ती सप्टेंबरात आली. या दुसऱ्या लाटेत तापाच्या पाठोपाठ फुप्फुसे सुजत आणि धडधाकट माणूस दोन-चार दिवसांत दगावे. ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. ते नवरात्राचे दिवस होते. तेथून रोग आगगाडीच्या रुळांवरून देशावर, वऱ्हाडात, नागपुरास, गुजरातेत आणि उत्तरेत पोहोचला. रेल्वेचे नोकर, टपाल खात्याचे लोक आणि रजेवर घरी परतणारे शिपाई यांच्याबरोबर तो गावोगाव गेला.

आता कालक्रमाकडे लक्ष द्यावे. मुंबईत मृत्यूंचा कळस ऑक्टोबरच्या आरंभी झाला, मद्रासेस ऑक्टोबरच्या मध्यास, आणि कलकत्त्यास नोव्हेंबरच्या मध्यास. मुंबईने नवरात्रात जे पाहिले, ते कलकत्त्याने दिवाळी उलटल्यावर पाहिले. आणि मुंबईच्या मानाने पुष्कळच सौम्य रूपात पाहिले. या कालक्रमाचे महत्त्व पुढे कळून येईल.

प्रांतोप्रांतीचा हिशेब

सरकारी आरोग्य खात्याच्या नोंदींनुसार या साथीत सर्वांत अधिक पोळलेला प्रांत म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाड होय. तेथे मृत्यूचे प्रमाण दर हजारी ५५ हून अधिक होते. मुंबई इलाख्यात ते हजारी ४५ हून अधिक होते. दिल्ली आणि पंजाब याच पंक्तीत बसतात. उलट मद्रास इलाख्यात हे प्रमाण हजारी २० च्या आत राहिले आणि बंगालची नोंद तर त्याहूनही बरीच कमी आहे. यावरून असे दिसते की, एकाच राज्यसत्तेखालील एकाच देशात, एकाच हंगामात, एकाच रोगाने नागपूरकडील खेड्यात जितकी माणसे नेली, त्याच्या एकतृतीयांशही मद्रासेकडील खेड्यात नेली नाहीत. आजच्या महाराष्ट्रात मोडणारा बहुतेक मुलूख तेव्हा मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड व निजामाचे राज्य यांत विभागलेला होता. म्हणजे सर्वाधिक हानी झालेल्या दोन्ही प्रांतांत मराठी माणूस होता.

शिरगणतीच्या आकड्यांतही याचे प्रतिबिंब उमटले आहे. आजच्या सीमा धरून हिशेब केला, तर महाराष्ट्राची लोकसंख्या १९११ साली सुमारे २ कोटी १४ लाख ७५ हजार होती. १९२१ साली ती २ कोटी ८ लाख ५० हजारांवर आली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी शेकडा २·९ ची घट झाली. राजस्थानात घट शेकडा ६·३, तर उत्तर प्रदेशात ३·१ इतकी होती. त्याच दशकात तामिळनाडूची लोकसंख्या शेकडा ३·५ ने आणि केरळाची शेकडा ९·२ ने वाढली. आजच्या भारताच्या सीमेतील एकूण लोकसंख्या १९११ ते १९२१ या एकाच दशकात घटलेली आढळते. १९२१ हे वर्ष लोकसंख्याशास्त्रात मोठा दुभाजक मानले जाते, त्याचे कारण हेच.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. त्याच दशकात आजच्या पश्चिम बंगालची लोकसंख्याही जवळजवळ महाराष्ट्राइतक्याच प्रमाणात घटली. नुसती शिरगणती पाहणारा मनुष्य म्हणेल की, बंगाल व महाराष्ट्र यांची हानी सारखीच होती. परंतु बंगालातील ऱ्हासाचे मोठे कारण हिवताप हे होते. तो तेथील खेड्यांना वर्षानुवर्षे पोखरीत होता. आपल्याकडे घाव दोन महिन्यांत बसला. दहा वर्षांच्या बेरजेत दोन्ही दुःखे सारखी दिसतात. महिन्यामहिन्याची मृत्यूनोंद पाहिल्यावरच त्यांतील भेद उमगतो.

ज्या मुलखात साथ तीव्र होती, तेथील जीवन कसे विस्कटले, याची साक्ष साहित्यातही आढळते. प्रसिद्ध हिंदी कवी सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ यांनी या साथीत पत्नी आणि घरची अनेक माणसे गमावली. गंगाकाठच्या डलमऊ येथे नदी प्रेतांनी भरलेली पाहिल्याचे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. चितेला लाकूड मिळेना आणि खांदा द्यायला माणूस मिळेना, अशी स्थिती अनेक ठिकाणी झाली होती.

कारणमीमांसा

हा भेद का पडला? यासंबंधी विद्वानांत एकमत नाही. तथापि चार कारणे विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिले कारण पावसाचे. १९१८ साली नैर्ऋत्य मोसमी पाऊस भयंकर रीतीने फसला. सबंध देशाचा विचार करता सरासरीच्या सुमारे चौथाई पाऊस कमी पडला, आणि पश्चिम व मध्य भारतास त्याचा तडाखा विशेष बसला. खरीप करपले, चारा नाहीसा झाला, विहिरी आटल्या. युद्धामुळे धान्याचे व कापडाचे भाव आधीच चढले होते. साथ आली ती या अर्धपोटी माणसांवर. अवर्षणाचा मुलूख आणि मृत्यूचा मुलूख यांचे नकाशे एकमेकांवर ठेवले, तर ते बऱ्याच अंशी जुळतात. रोगाने मारले की भुकेने, हा प्रश्न त्या वर्षी निरर्थक होता. दोघांनी मिळून मारले.

दुसरे कारण रोगाच्या वाटचालीचे. जिल्हावार मृत्यूनोंदी तपासून अलीकडील संशोधकांनी असे दाखविले आहे की, साथ पश्चिमेकडून पूर्वेकडे जसजशी सरकली, तसतशी ती उशिरा सुरू झाली, अधिक काळ रेंगाळली आणि तिचा कळस मात्र खाली आला. पश्चिमेस ती वावटळीसारखी आली नि गेली. पूर्वेस ती मंद गतीने फिरत राहिली. वाटेत रोगाची मारक शक्ती ओसरली असावी, असा एक तर्क आहे. पहिल्या सौम्य लाटेत ज्यांना रोग होऊन गेला होता, त्यांना दुसऱ्या लाटेत काहीसे संरक्षण मिळाले असावे, असा दुसरा.

तिसरे कारण हवामानाचे. दख्खन, मध्य प्रांत व पंजाब येथे पावसाळा संपताच दिवसा ऊन आणि रात्री गारठा, असे मोठे अंतर पडते. समुद्रकाठच्या दमट मुलखात ते अंतर कमी असते. फुप्फुसाच्या विकाराला पहिली परिस्थिती पोषक ठरली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

चौथे कारण औषधपाण्याच्या अभावाचे. डॉक्टरांपैकी पुष्कळजण युद्धाच्या कामगिरीवर गेले होते. शिवाय रोगाचे मूळ कोणासही ठाऊक नव्हते. एका विशिष्ट जंतूवर संशय धरून लशी तयार करण्यात आल्या. परंतु मनुष्याला होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा करण्यात यश आले ते १९३३ साली, इंग्लंडमधील संशोधकांना. औषध नाही म्हटल्यावर शुश्रूषा हाच उपाय उरतो. पेज-पाणी, दूध, ऊब आणि विश्रांती, एवढ्याने कित्येक रोगी वाचतात. ज्या घरात सगळेच एकदम अंथरुणाला खिळले, तेथे पेज करून देणारे कोणी उरले नाही.

या साथीचे आणखी एक लक्षण सांगितले पाहिजे. तिने म्हातारे व तान्ही मुले यांच्यापेक्षा वीस ते चाळीस या वयाच्या कर्त्या माणसांवर विशेष झडप घातली. आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक बळी पडल्या. पुरुष आजारी पडल्यास तो निजत असे. स्त्री आजारी असतानाही चूल, पाणी व इतरांची सेवा सुटत नसे, आणि घरात सर्वांत शेवटी व सर्वांत कमी जेवणारीही तीच असे. गर्भवतींचे हाल तर विचारूच नयेत. पुढल्या वर्षी, १९१९ साली, जन्माचे प्रमाण एकाएकी खाली आले. म्हणून वंशावळीतील ज्या फांद्या १९१८ साली तुटलेल्या दिसतात, त्यांखेरीज ज्या कधी फुटल्याच नाहीत, त्यांचाही हिशेब मनात धरला पाहिजे.

कर्ती माणसे गेल्याचा परिणाम शेतावरही झाला. ऐन सुगीत व रब्बीच्या पेरणीत साथ आल्यामुळे पुष्कळ जमीन पडीक राहिली. थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ साली याच प्रांतवार फरकांच्या आधारे असा युक्तिवाद केला की, हिंदुस्थानच्या शेतीत फाजील माणसे आहेत हा समज खोटा आहे. जेथे माणसे अधिक मेली, तेथे पेराही अधिक घटला. डॉ. अमर्त्य सेन यांनी त्यांच्या गणितावर आक्षेप घेतले. पुढे दोघांनाही नोबेल पारितोषिक लाभले. आपल्या आजे-पणज्यांच्या मरणाचे आकडे अशा रीतीने जगाच्या विद्वत्सभेत चर्चिले गेले, ही गोष्ट आपल्या घराघरांत फारशी ठाऊक नाही.

एकाच नगरातील अनेक प्रांत

येथवर आपण प्रांतांचा विचार केला. परंतु जो भेद नागपूर व मद्रास यांत होता, तसाच किंबहुना त्याहून तीव्र भेद एकट्या मुंबई शहराच्या आत होता. शहरातील इन्फ्लुएंझाच्या मृत्यूंचे जातिधर्मवार आकडे उपलब्ध आहेत. दर हजारी मृत्यूंचे प्रमाण युरोपियनांत ८·३, पारशांत ९·०, अँग्लो-इंडियनांत ११·९, यहुद्यांत १४·८, देशी ख्रिस्त्यांत १८·४, सवर्ण हिंदूंत १८·९ व मुसलमानांत १९·२ असे होते. आणि त्या काळच्या सरकारी वर्गीकरणाने ज्यांना ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटले, त्यांच्यात ते ६१·६ होते.

हा शेवटचा आकडा आमच्या वाचकांनी डोळ्यांपुढून इतक्यात हलू देऊ नये. पाऊस सर्वांवर सारखाच फसला होता. समुद्राची दमट हवा सर्वांना सारखीच होती. रोग एकाच बंदरातून, एकाच आठवड्यात आला होता. तरीही एका वस्तीत दुसरीच्या तिपटीहून अधिक माणसे मेली. याचे कारण रक्तात नसून राहणीत होते, आणि ती राहणी ज्याने त्याने निवडलेली नव्हती. जेथे एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे, वारा नाही, पाणी दूर, रोजंदारी बुडाली तर चूल बंद, आणि जेथे वैद्य पाऊल ठेवावयास नाखूष, तेथे मृत्यूला वाट मोकळी असते.

त्या दिवसांत मुंबईतील लोकांनी एकमेकांना मदत केली नाही असे नव्हे. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापिलेली सोशल सर्व्हिस लीग गिरणगावात राबली. निरनिराळ्या जातींच्या व धर्मांच्या संस्थांनीही औषधे व दूध वाटले आणि रुग्णांची सोय केली. ज्ञातिसंस्था हे केवळ लग्ने जुळविण्याचे व स्नेहभोजनाचे स्थान नसून संकटकाळी ती आधार होऊ शकते, याचा तो पुरावा होता, आणि त्याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. तथापि अभिमानाबरोबर एक प्रश्नही आपण स्वतःस विचारला पाहिजे. ज्यांच्या संस्थांजवळ पैसा होता, त्यांचे मृत्यू कमी झाले. ज्यांच्याजवळ ना पैसा होता ना सधन संस्था, त्यांचे मृत्यू सर्वांत अधिक झाले. आणि त्याच वर्गाला शिवू नये, पाणवठ्यावर येऊ देऊ नये, असा दंडक आपण सवर्णांनी घालून ठेविला होता. ज्या माणसाचा स्पर्शही वर्ज्य, त्याच्या उशाशी बसून पेज कोण पाजणार? ६१·६ या आकड्यात केवळ गरिबी नाही, त्यात आपल्या समाजरचनेचाही वाटा आहे, हे मान्य केल्यावाचून हा इतिहास प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.

नोंद आणि जबाबदारी

शंभर वर्षे लोटल्यावर, २०२० साली, आपण सर्वांनी पुन्हा एका महामारीचा अनुभव घेतला. त्याही वेळी घाव सर्वत्र सारखा नव्हता. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणी करण्यात आली, तेव्हा झोपडपट्टीतील शंभरांपैकी सुमारे ५७ जणांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. झोपडपट्टीबाहेर ते प्रमाण सुमारे १६ होते. शहर तेच, अंतर फारतर एका रस्त्याचे. सरकारी नोंदीनुसार महाराष्ट्रात १ लाख ४८ हजारांहून अधिक बळी गेले, आणि ही संख्या सर्व राज्यांत मोठी ठरली. परंतु राज्याराज्यांची तुलना करताना नोंद कोठे किती चोख झाली, हेही पाहावे लागते. ज्या राज्यात मृत्यू नीट नोंदले जातात, ते राज्य कागदावर अधिक दुर्दैवी दिसते. जेथे नोंदच नाही, ते सुखी भासते.

१९१८ सालीही असेच झाले. खेड्यात मृत्यूची नोंद ठेवण्याचे काम पाटील किंवा चौकीदार यांच्याकडे असे. तेच आजारी पडले किंवा मेले, तेव्हा वही कोरी राहिली. संस्थानी मुलखातील नोंदी तर बहुधा त्रोटकच होत्या. म्हणूनच साठ लाखांचा आकडा पुढे दुप्पट-तिप्पट झाला. सर्वांत अधिक मेले ते बहुधा सर्वांत कमी नोंदले गेले.

या सर्व विवेचनातून आमच्या मते दोन कर्तव्ये निष्पन्न होतात. पहिले नोंदीचे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या वंशावळीत केवळ पुरुषांची नावे न लिहिता स्त्रियांची व अकाली गेलेल्या मुलांचीही नावे लिहावीत. मृत्यूचे वर्ष, ठिकाण व कारण ठाऊक असल्यास तेही लिहावे. ज्या स्त्रियांना त्या साथीने सर्वाधिक नेले, त्यांची नावेच वंशावळीत नसावीत, हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय होय. २०२० व २०२१ साली आपण ज्यांना मुकलो, त्यांच्याही नोंदी आताच पूर्ण कराव्यात. शंभर वर्षांनी त्या शोधणाऱ्यास आपल्याइतके चाचपडावे लागू नये.

दुसरे कर्तव्य वैद्यकीय साहाय्याचे. ज्ञातिसंस्थेने संकटात आपल्या माणसास जपावे, हे उचितच आहे. परंतु साथीचा रोग वंशावळ पाहून घरात शिरत नाही, आणि शेजारची वस्ती पेटली असता आपले अंगण फार काळ सुरक्षित राहत नाही. म्हणून पुढे कधी अशी वेळ आल्यास ज्ञातीच्या नावाने उभारलेल्या मदतीतील काही वाटा ज्ञातीबाहेरील, विशेषतः ज्यांच्या पाठीशी कोणतीही संस्था नाही अशा वस्त्यांसाठी राखून ठेवावा, असा विचार सभासदांनी अवश्य करावा. यात परोपकार आहेच, पण त्याहून अधिक जुन्या ऋणाची फेड आहे.

प्रांताप्रांतांतील पावसाचे व हवेचे भेद मनुष्याच्या हातचे नाहीत. एका नगराच्या दोन गल्ल्यांतील मृत्यूचा भेद मात्र माणसांनीच निर्माण केला होता, आणि तो माणसांनाच मिटविता येईल.